बुद्धिबळाचं पुस्तक मानांकन बघून घ्यावं का?

सातव्या ओळीतलं प्यादं:
लेकाचं फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) मानांकन, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा, 1450. वाढदिवसाला हौसेनं ड्वोरेत्स्कींचं जाडजूड एंडगेम मॅन्युअल (डावाच्या शेवटच्या टप्प्याचं पुस्तक) आणलं. तीन आठवड्यांत पंधरा पानं झाली आणि पोरगा म्हणाला, "आई, मला हा खेळ जमत नाही." फार लागलं मनाला. मग सिलमन यांचं एंडगेमचं पुस्तक घेतलं. त्यात प्रकरणंच मानांकनाप्रमाणे लावली आहेत. 1400 ते 1599 मध्ये लुसेना, फिलिडोर या हत्तींच्या शेवटाच्या ठरलेल्या स्थिती. आता जेवण झालं की पट मांडतो, हत्ती चौथ्या ओळीत आणून राजावरचे शह अडवणारा 'पूल' बांधून दाखवतो. दहातली सहा-सात कोडी स्वतःची स्वतः सुटत नसतील तर ते पुस्तक आत्ता घेऊच नये, असं माझं ठाम मत.

काळा उंट:
ताई, नाही पटलं. मी जेमतेम 1300 चा असताना ब्रॉनस्टाइनचं झुरिक 1953 हे स्पर्धेतल्या डावांचं पुस्तक हाती लागलं. 210 डाव! निम्मं डोक्यावरून गेलं, पण काळ्या घरांसाठी माणसं प्यादं सोडतात हे तिथंच पहिल्यांदा दिसलं. पातळी बघत बसलो असतो तर ते पुस्तक उघडलंच नसतं. तुमच्या मुलाला पुस्तक जड गेलं नाही, एकट्यानं वाचणं जड गेलं.

सातव्या ओळीतलं प्यादं:
एकटा नव्हता हो, मी रोज शेजारी बसत होते. डावांचं पुस्तक अर्धं कळलं तरी चालतं. एंडगेमचं नाही, तिथं एक चाल चुकली की जिंकलेला डाव बरोबरीत जातो.

शनिवारचा वर्ग:
मी मुलांना शिकवतो. डावांच्या पुस्तकाबद्दल उंटरावांशी सहमत, पण कव्हरवरच्या आकड्यावर दोघांनीही विसंबू नये. मार्च 2024 मध्ये फिडेनं 2000 खालच्यांना वाढीव गुण दिले: 2000 पासून जितकं अंतर, त्याच्या 40 टक्के. म्हणजे आजचा 1450 हा जुना साधारण 1083. सिलमन यांचं पुस्तक 2007 चं, आकडे अमेरिकन वर्गवारीचे. मी मुलाला दुकानातच मधलं पान उघडून तीन आकृत्या देतो. एकही सुटली नाही तर पुस्तक परत ठेवतो. ओपनिंगची, म्हणजे सुरुवातीच्या चालींची, जाडजूड पुस्तकं तर 1200 च्या मुलाला नकोच, समोरचा सहाव्या चालीलाच पुस्तकाबाहेर जातो.

काळा उंट:
तीन आकृत्यांची चाचणी मान्य. पण सर, न सुटलेलं पुस्तकही घरी न्या, कपाटात राहू द्या. माझं झुरिक मी चार वर्षांनी पुन्हा काढलं.