शीट म्हणजे शीड नव्हे

'थ्री शीट्स टू द विंड' या इंग्रजी वाक्प्रचाराबद्दल कुणीतरी लिहिलं होतं: अर्थ 'दारू पिऊन तर्र', आणि त्यातलं शीट म्हणजे जहाजाचं शीड. अर्थ बरोबर दिलाय. पण 'शीट म्हणजे शीड' हे पटलं नाही. कापड म्हटल्यावर शीडच डोळ्यांपुढे येतं, मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. खलाशांच्या भाषेत शीट म्हणजे शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. तो सुटला की शीड नुसतं फडफडत राहतं. असे तीन दोर सुटले तर जहाज झोकांड्या खाणारच! गुत्त्यातून बाहेर पडलेल्या माणसाला याहून चपखल उपमा कुठली?

'टेकन अबॅक'ही त्याच घराण्यातला. वारा अचानक समोरून येऊन शिडं मागे डोलकाठीवर दाबली गेली की चालतं जहाज जागीच अडखळतं. आपण 'अवाक् झालो' म्हणतो तेव्हा साधारण तसंच होतं.

'बाय अँड लार्ज'सुद्धा दर्यावरचाच: 'बाय' म्हणजे वाऱ्याला शक्य तितकं तोंड देऊन जाणं, 'लार्ज' म्हणजे वारा पाठीशी घेऊन. दोन्ही प्रकारे नीट चालणारं जहाज 'एकंदरीत' चांगलं.

'किक द बकेट' (म्हणजे मरणं) मधली बादलीही जहाजावरचीच, यावर मात्र मी पैज लावणार नाही.