लातूरात जी प्लस टू (तळमजला अन् वर दोन मजले) घर घ्यावं का? खाली आपण राहायचं, वरच्या रूम भाड्यानं

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी, आयुष्यातलं पहिलंच घर घ्यायलोय म्हणून विचारायलो. मी अन् बायको दोघंही नोकरीला, पगार मिळून 85 हजार, सध्या अंबाजोगाई रोडला 9 हजार भाडं भरतोय. क्लासेसच्या भागात, उद्योग भवनापासून पायी दहा मिनिटांवर एक जी प्लस टू बघितलंय, मालक 58 लाख म्हणायला. खाली टू बीएचके, वर चार-चार अशा आठ रूम, सगळ्या नीट-जेईईच्या पोरांना दिलेल्या, एका रूमचे साडेपाच हजार म्हणजे महिन्याला 44 हजार. 40 लाख लोन 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यानं घेतलं तर हप्ता 34,700 च्या आसपास बसतो, म्हणजे हप्ता भाड्यातूनच निघतो, वर नऊ हजार उरतात अन् आपलं भाडं वाचतं ते वेगळं. सासरे म्हणतात एवढं सोपं असतं तर त्यानं विकायला कशाला काढलं असतं. घ्यावं का गप फ्लॅट बघावा?

ट्यूशन_एरियावाला:
सासऱ्यांचं थोडं ऐका राव. मी सहा वर्षं झाले हेच करायलो, माझ्या सहा रूम आहेत. 44 ला बारानं गुणू नका. नीटचा पेपर मे च्या पहिल्या रविवारी असतो, सोमवारी सकाळी पोरांचे बाप गाडी घेऊन दारात, गाद्या टपावर बांधल्या की बिल्डिंग भकास. नवीन पोरं जूनपासून यायला लागतात. मी वर्षाला दहाच महिने धरतो, म्हणजे तुमचे 44 चे महिन्याला 36-37 हजार झाले, अन् त्यातच घरपट्टी, रंग, जळालेली मोटार, टँकर. पाण्याचं तर विचारूच नका, 2016 ला मिरजहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आपलं. बोअर एप्रिलमध्ये किती वेळ चालते ते मालकाला नाही, वरच्या पोरांना विचारा.

आणि एक, सगळ्या रूम भरल्यात असं मालक म्हणत असेल तर रात्री नऊनंतर जा, क्लास सुटून पोरं आलेली असतात, दारापुढच्या चपला मोजा. मी घेताना मालक सहा म्हणला होता, चपला चारच दारांपुढं, एका कुलपाला तर जाळं धरलेलं. भाव तिथंच दीड लाखानं उतरला.

सातबारा_आधी:
भाड्याचा हिशोब नंतर, आधी बांधकाम परवानगी बघा. मला शंका दुसऱ्या मजल्याची आहे. लातूर काय, नांदेड काय, परवानगी जी प्लस वन ची काढायची अन् वर एक मजला चढवायचा हे लै ठिकाणी झालंय. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, मंजूर नकाशात आहे तेवढंच धरतो. 30 ते 75 लाखाच्या लोनला 80 टक्क्यांपर्यंत मिळतं खरं, पण ते बँकेच्या व्हॅल्युएशनवर, तुमच्या तोंडी सौद्यावर नाही. स्टॅम्प ड्युटी पण त्यात येत नाही, ती सहा टक्के धरा, नोंदणीचे 30 हजार, म्हणजे 58 लाखावर पावणेचार लाखाच्या वर रोख खिशातून. सौदा 50 लाखाच्या वर गेला की मालकाला पैसे देताना एक टक्का टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावचा कर, तुम्हीच कापून भरायचा असतो, पहिल्यांदा घेणारे हे हमखास विसरतात.

जागा एनए (बिगरशेती) आहे की गुंठेवारीतली, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेली? जुन्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (विकायला सरकारी परवानगी लागते अशी जमीन), इनाम, मदतमाश (इनामाचाच प्रकार) असलं काही दिसलं तर विसार देऊ नका, आधी वकिलाकडून मालकीचा 30 वर्षांचा सर्च काढा. निजामाच्या काळातली इनामं आपल्याकडं अजून लोकांना नडायलेत.

भाडेकरूंचे करार पण मागा. 11 महिन्यांचा असला की नोंदवावा लागत नाही ही गावगप्पा आहे, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 बघा, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे असला भाड्याचा करार, नोंदवावाच लागतो अन् जबाबदारी घरमालकाची. आठात एखादं जुनं बिऱ्हाड आहे का तेही विचारा, पोरं मे मध्ये जातात, बिऱ्हाड जात नसतं.

खालच्या_मजल्यावरची:
जिना कुठून आहे हे कुणीच विचारलं नाही! आमचा जिना स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून, पहाटे पाचपासून धाडधाड, अन् रात्री अकराला दारावर टकटक, काकू चावी विसरलो. आई-बाप परभणीला, पोराला ताप आला की दवाखान्यात आम्हीच. मागं एक पोरगं टेस्टमध्ये मार्क कमी पडले म्हणून जेवलंच नाही, जिन्यात बसून होतं, शेवटी मी पोहे नेऊन दिले अन् त्याच्याजवळ बसले. मला ह्याचं वाईट वाटत नाही, उलट सवय झाली, पण तुमच्या बायकोला आधी विचारा भाऊ, घरात हे सगळं तीच बघणार.

मांजराकाठ:
सगळ्यांचे आभार. काल रात्री साडेनऊला गेलो, पाच दारांपुढं चपला, तीन रूमला कुलूप. मालक म्हणायला पोरं गावाकडं गेलीत. नकाशा मागितला तर आज-उद्या करत शेवटी दाखवला, जी प्लस वन चाच निघाला. मी 46 म्हणून आलोय, तो हो पण म्हणला नाही अन् नाही पण म्हणला नाही, बसून बोलू म्हणला. जिना आतूनच आहे, अगदी ओट्याशेजारून. बायको म्हणाली वकिलाकडं जायच्या आधी मिस्त्रीला घेऊन जा, जिना बाहेरून काढता येतो का बघून या.