पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती श्रद्धेने बदलले, की त्या आधीच बदललेल्या होत्या?

दौंडकर (धागालेखक)

ख्रिस्तावरील श्रद्धेने माणसाचे आयुष्य बदलते, हे विधान उपदेशात इतके सरसकट केले जाते की ते तपासून पाहण्याची सोयच उरत नाही. ज्यांचे आयुष्य कागदोपत्री तपशिलाने उपलब्ध आहे अशा एका व्यक्तीवरच चर्चा व्हावी, या हेतूने मी पंडिता रमाबाईंचे उदाहरण मांडत आहे.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत असत. अशा स्त्रियांनाही माणसांत परत आणता येते, ही गोष्ट तेथे आपल्या प्रथमच ध्यानात आली, असे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहिले आहे. या भगिनींना हे काम करावेसे का वाटते, असे विचारल्यावर रमाबाईंना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, म्हणजे विहिरीवर येशूशी बोलणाऱ्या, ज्यू लोकांनी तुच्छ मानलेल्या शोमरोनी समाजातील स्त्रीची कथा, वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनीच केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी 'कृपा सदन' उभे राहिले. माझ्या मते हे श्रद्धेचे थेट फळ आहे, कारण विधवांच्या कैवाराने बोलणारे सुधारक त्या काळी पुष्कळ होते, पण वेश्यावस्तीतून आलेल्या बाईला स्वतःच्या आवारात ठेवून घेणारे फार थोडे होते.

विवेकवादी

आपण कालक्रम १८८३ पासून सुरू केलात, आणि माझा आक्षेप नेमका येथेच आहे. रमाबाईंनी १८८० मध्ये जातीबाहेर, बिपिनबिहारी मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पतीच्या निधनानंतर तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या, १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीती' लिहिली आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री डॉक्टरांची मागणी केली. हे सारे बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे. लहानपणापासून आईवडिलांबरोबर देशभर पायी हिंडलेल्या, संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेल्या आणि आईवडिलांना दुष्काळात गमावलेल्या या बाईला बंडखोरी कोणत्याही मठाने शिकवलेली नाही.

दुष्काळाचेच पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या. अन्नावाचून माणूस कसा झिजतो हे ज्या व्यक्तीने आपल्याच घरात पाहिले होते, तिला त्या मुलींकडे धाव घेण्यासाठी नव्या देवाची गरज का पडावी?

दौंडकर

त्यांच्या मागील आयुष्याचे श्रेय मी कोणाकडूनही काढून घेत नाही. मात्र स्वतः रमाबाईंनी आपल्या आयुष्याची फोड कशी केली आहे, हे आपण लक्षात घ्यावे. बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला असे उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या सांगतात. म्हणजे बाप्तिस्मा हा परिवर्तनाचा क्षण, असा दावा त्यांनीच नाकारला आहे. धर्मांतराची तारीख हातात घेऊन 'आधी' आणि 'नंतर' असा हिशेब मांडणारे, मग ते प्रचारक असोत की टीकाकार, येथे दोघेही चुकतात. आणखी असे की, बाप्तिस्म्यानंतर त्या मुकाट बसल्या नाहीत. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर दीर्घ पत्रवाद झाला, आणि आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, ती आपण कोणाकडे गहाण टाकणार नाही, असे त्यांनी निक्षून कळवले.

विवेकवादी

हा पत्रवाद तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला! वाद घालणारी, ऐकून न घेणारी रमाबाई श्रद्धेनंतरही तशीच राहिली, तर बदलले काय?

आणि बदल झाला असेल, तर त्याची किंमतही धाग्यात यायला हवी. १८८९ मध्ये मुंबईत रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, सुरू झाली तेव्हा विधवांना त्यांचा धर्म आणि आचार पाळण्याची मोकळीक राहील, असे आश्वासन होते. सदन पुण्यास आल्यावर काही मुली बाईंच्या खासगी प्रार्थनेत बसू लागल्या, आरोप झाले, 'केसरी'ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. ज्या सुधारकांच्या पाठिंब्यावर उच्चवर्णीय कुटुंबे आपल्या विधवा मुलींना शिकायला पाठवत होती, तो पाठिंबाच गेला. दुष्काळातून आणलेल्या पोरक्या मुली तर ख्रिस्ती वातावरणातच वाढल्या. त्यांच्या संमतीचा प्रश्न आपण कोठे ठेवता?

नगरी

आपण दोघेही एका विदुषीभोवती फिरत आहात. आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आले आणि तेथे ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजातील होते. त्यांना शाळा मिळाली, मुलगी वाचायला शिकली, देवळाच्या बाहेर उभे राहणाऱ्याला प्रार्थनामंदिरात बाकावर बसता आले. हा बदल खरा आहे. पण चर्चमध्ये मांडीला मांडी लावून बसणारे लोक सोयरीक ठरवताना मूळ जात विचारतात, हेही खरे आहे, आणि ते आमच्याकडे कोणी व्यासपीठावरून बोलत नाही. सरकारनेही १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यांना दिला नाही; म्हणजे कागदावर जात गेली, अंगणातली राहिली. श्रद्धा माणसाला बदलते असे म्हणताना कोणत्या माणसाला, हे आधी सांगावे.

दौंडकर

नगरी यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या प्रतिपादनाला सर्वांत जास्त अडचणीत आणतो. तरीही नगर जिल्ह्यातलेच आणखी एक नाव मी पुढे करतो. लक्ष्मीबाई टिळकांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या माहेरच्यांच्या आसऱ्याने वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे आल्या तरी सोवळे-ओवळे, वेगळे पाणी आणि वेगळा स्वयंपाक सोडायला तयार नव्हत्या. हे सोवळे गळून कसे पडले, याची हकीकत त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात स्वतःचीच थट्टा करीत सांगितली आहे, आणि त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला, म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी झाला. ज्या बाईला परक्या हातचे पाणी चालत नव्हते तिने नंतर कोणाकोणाची मुले घरात सांभाळली, हे वाचल्यावर बदल झाला नाही असे म्हणणे मला तरी जमत नाही.

वसईकर

आम्ही पिढीजात कॅथलिक. आमचा बाप्तिस्मा पाळण्यातच होतो, त्यामुळे 'मी बदललो' अशी साक्ष देण्याची पद्धत आमच्याकडे नाही. आमच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक चालवले आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी आंदोलनात उतरून धमक्याही सोसल्या. जन्मतः मिळालेली श्रद्धा आयुष्यात उशिरा कामाला लागते, हा प्रकार या चर्चेत बसत असेल तर त्याचीही नोंद असावी.

विवेकवादी

नोंद करतो. तरीही लक्ष्मीबाईंचे सोवळे ख्रिस्ताने सोडवले की टिळकांच्या हट्टाने आणि बदललेल्या शेजाराने, याचे उत्तर मिळालेले नाही. रमाबाईंबाबत मात्र एक गोष्ट मी मान्य करतो: ग्रीक व हिब्रू शिकून सोप्या मराठीत बायबल उतरवायचे, आणि त्याचे खिळे (छपाईची धातूची अक्षरे) केडगावच्या छापखान्यात दुष्काळातून आलेल्या मुलींकडून जुळवून घ्यायचे, हे काम केवळ स्वभावाने होत नाही. त्याला विश्वास लागतो. तो विश्वास खऱ्या देवावर होता की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो या धाग्यात सुटणार नाही.

दौंडकर

तो सोडवण्यासाठी धागा काढलाही नव्हता. संमतीच्या आपल्या आक्षेपाला मात्र मी उत्तर दिलेले नाही, कारण त्या मुलींपैकी फार थोड्यांचे स्वतःचे शब्द माझ्या वाचनात आले आहेत. कोणाकडे त्या पिढीतील मुक्ती मिशनच्या स्त्रियांच्या आठवणी असल्यास येथे द्याव्यात.