'डॉक्टरांनी जवाब दिला' म्हणजे नेमकं काय? आणि पॅलिएटिव्हला आपला शब्द कोणता?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, आयसीयूत सिस्टर आहे, अकरा वर्षं झाली. एक शब्द बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून हा धागा.

आमच्याकडे मराठी घरांतही सर्रास म्हणतात, "डॉक्टरांनी जवाब दिला." हिंदीतल्या 'जवाब दे दिया' वरून आलेलं, म्हणजे आता आशा नाही. पुण्याच्या मावसबहिणीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती विचारते, कसला जवाब, तुम्ही प्रश्न काय विचारला होता? तिच्याकडे 'हात टेकले' म्हणतात. शब्द वेगळे पण ऐकणाऱ्याला कळतं ते एकच की आता करण्यासारखं काही उरलं नाही, आणि मला तेच खटकतं कारण ते खरं नाहीये हो. माणूस बरा होणार नाही हे ठरल्यावरसुद्धा दम लागत असेल तर मॉर्फीन असतं, कोरडं पडलेलं तोंड ओलं करायचं असतं, कूस बदलायची, उगाच टोचायच्या तपासण्या डॉक्टरांना विचारून बंद करायच्या, पडदा ओढून बायकोला हात धरून बसू द्यायचं. त्या रात्री आमचं काम वाढतं, कमी होत नाही.

यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मूळ लॅटिन शब्द पॅलियम, म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. मी म्हटलं मग 'पांघरूण' म्हणूया, पण मराठीत पांघरूण घालणं म्हणजे कुणाचे तरी गुन्हे लपवणं! सुचवा काहीतरी.

प्रतिसाद १
पुस्तकात 'उपशामक' आहे, हिंदीत 'प्रशामक' लिहितात. दोन्हीत शम् धातू, शांत करणे. अर्थ बरोबर आहे पण रात्री दोन वाजता कुणाच्या मुलाला "उपशामक सेवा सुरू करतोय" म्हटलं तर त्याला काय कळणार? एक माहिती, लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरे न होणाऱ्या रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळणारी जागा) काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, नंतर डॉक्टर झाल्या. आणि 'पॅलिएटिव्ह केअर' हे नाव कॅनडाच्या बॅल्फोर माउंट यांनी १९७०च्या दशकात रूढ केलं कारण तिकडच्या फ्रेंच लोकांना 'हॉस्पिस' म्हटलं की अनाथ-गरिबांचा आश्रम वाटायचा. म्हणजे शब्दाची अडचण त्यांनाही होतीच.

प्रतिसाद २
मी बडोद्याची. इथे गुजरातीत 'हाथ ऊंचा करी दीधा' म्हणतात आणि आम्ही मराठीतही तेच 'हात वर केले'. पांघरूण नको तर 'पाखर घालणे' बघा, पिल्लांवर पंख धरतात तसं. दुसरं म्हणजे 'शुश्रूषा' शब्द, बरेच जण सुश्रुषा लिहितात ते चूक आहे, मूळ श्रु धातू, ऐकणे. शुश्रूषा म्हणजे आधी 'ऐकण्याची इच्छा', सेवा हा अर्थ नंतर आला. नर्सिंगला इतका नेमका शब्द आपल्याकडे आधीपासून आहे.

धागाकर्ती
ताई, शुश्रूषेचं हे मला माहीत नव्हतं, ड्यूटीवर सगळ्यांना सांगितलं. आणि 'पाखर' फार आवडला, लिहून ठेवलाय.

ऐकण्यावरून एक सांगते, माझीच चूक आहे. एका काकांच्या मुलीने सकाळी विचारलं, रात्र कशी गेली? मी म्हटलं, "स्टेबल होते." आमच्या भाषेत स्टेबल म्हणजे व्हेंटिलेटरवर, बीपी टिकवून धरणाऱ्या औषधांवर, पण आकडे हलले नाहीत इतकंच. तिने ऐकलं 'सुधारतायत'. ती घरी गेली, रामबागेत, आईला म्हणाली बाबा बरे होतायत आणि नातवंडांना बोलावायचं राहून गेलं. दुपारी काका गेले. मी खोटं काहीच बोलले नव्हते तरी तिचा तो दिवस माझ्या एका शब्दाने गेला.

तेव्हापासून स्टेबल एकटा वापरत नाही. म्हणते, "आकडे तेच आहेत, पण सगळं मशीन आणि औषधांच्या जोरावर आहे, तब्येत अजून फार नाजूक आहे." आणि आधी विचारते, "डॉक्टर काय म्हणाले, तुम्हाला काय समजलं?" मग गप्प बसते. हे गप्प बसणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. किती दिवस राहिलेत हे सांगणं डॉक्टरांचं काम, ते मी अंगावर घेत नाही, पण डॉक्टर गेल्यावर नातेवाईक आमच्याकडेच येतात, "सिस्टर, नीट सांगा ना."

'काळजी करू नका' पण सोडलं. आपल्या भाषेत चिंताही काळजी आणि सांभाळणंही काळजी. आता म्हणते, "काळजी तर वाटणारच, आम्ही त्यांची काळजी घेतोय, रात्रभर इथेच आहोत."

प्रतिसाद ३
आमच्या आजीच्या वेळी सिस्टरने विचारलं होतं, "आजींना काय म्हणून हाक मारता?" आम्ही म्हटलं माई. मग ती प्रत्येक वेळी, आजी बेशुद्ध असताना सुद्धा, "माई, सुई टोचतेय हं" असं सांगून टोचायची. बाकी सगळं विसरलो, हे आठवतं.

धागाकर्ती
हो, बेशुद्ध माणसाला ऐकू येत असेल असंच धरून आम्ही बोलतो, त्याच्या उशाशी बाकीच्यांनीही तसंच बोलावं.

आता अडलंय ते 'घरघर' वर. श्वासाची नळी काढल्यावर घशात स्राव साठून आवाज येतो, पेशंट बहुतेक वेळा तेव्हा शुद्धीत नसतो, आम्ही कुशीवर वळवतो, औषध देतो. पण कुणी 'घरघर लागली' म्हटलं की अख्खं घर रडायला लागतं. मी "घशात पाणी साठल्याचा आवाज आहे" म्हणते, ते थोडं चालतं. तुमच्या घरी याला अजून काय म्हणतात, कोकणात, खानदेशात, ग्वाल्हेरला?