लॅपटॉपची रॅम आणि एसएसडी डेस्कटॉपला चालेल का?

धावपळ: लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीचा नाद सोडलाय, आता डेस्कटॉप जुळवतोय. आतली डीडीआर४ पिढीची रॅम (८ + ८ जीबी) आणि एनव्हीएमई एसएसडी (डेटा साठवणारी वेगवान ड्राइव्ह) चांगली आहे. डेस्कटॉपचा बोर्डही डीडीआर४चाच घेणार आहे. मग दोन्ही काढून थेट बसवता येतील ना? आणि विंडोज आहे तेच चालेल का?

रात्रपाळी: रॅमचं विसरा. दोन्हीवर डीडीआर४ लिहिलेलं असलं तरी लॅपटॉपच्या रॅमची छोटी कांडी, म्हणजे सोडिम, २६० पिनांची; डेस्कटॉपची मोठी, म्हणजे डिम, २८८ पिनांची. शेजारी ठेवलीत तर लांबी जेमतेम निम्मी भरते. मधे अ‍ॅडॉप्टर लावून बसवणारे आहेत, पण मशीन कधी उठतं, कधी नाही. मी तरी त्या वाटेला जाणार नाही. बहुतेक मिनी पीसींना मात्र सोडिमच लागते, तसा घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

एसएसडी बिनधास्त हलवा. फक्त तिच्यावरचा आकडा आधी बघा. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, ती बहुतेक डेस्कटॉप बोर्डांवर बसते. स्लॉटमध्ये तिरकी घालायची, मागचं टोक वर उचललेलंच राहतं, ते दाबून स्क्रू लावायचा. तो चिमुकला स्क्रू बोर्डच्या खोक्यातल्या पिशवीत असतो, खोकं टाकू नका!

विंडोज नवीनच टाका. लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स त्या मेलेल्या बोर्डाला बांधलेलं असतं. डेटा आधी काढून घ्या. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल.

धावपळ: बिटलॉकर मी कधी चालूच केलं नव्हतं.

रात्रपाळी: तुम्ही नसेल केलं, पण मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. की त्याच खात्यात ऑनलाइन ठेवलेली असते. दुसऱ्या फोनवरून आत्ताच बघून ठेवा.

जुनाबाजार: स्क्रीन भंगारात घालू नका राव. पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. तो दाखवून त्याला जुळणारा कंट्रोलर बोर्ड घ्या, एचडीएमआयने दुसरा मॉनिटर तयार. प्रोसेसर काढायच्या फंदात मात्र पडू नका, आजकाल तो बोर्डाला झाळलेलाच असतो.

धावपळ: की सापडली, धन्यवाद! पण एसएसडीवर २२३० लिहिलंय.

रात्रपाळी: म्हणजे ३० मिमी. बोर्डच्या मॅन्युअलमध्ये एम.२ स्लॉटपुढे (एसएसडी बसते तोच स्लॉट) चालणाऱ्या लांबी छापलेल्या असतात. २२३० नसेल, तर २२३० ते २२८० करणारी लांबीची पट्टी मिळते. ड्राइव्ह आधी पट्टीला जोडा, मग सगळं मिळून ८०च्या भोकाला स्क्रू.