मदत हवी आहे: मोबाइल काढून घेतला की नववीतला मुलगा आदळआपट करतो, पालकांना नेमकं काय सांगावं?

नववी_ब (धागाकर्ती)

शनिवारी पालकसभा आहे आणि विषय मोबाइलचाच निघणार. "वेळ ठरवून द्या, मैदानावर पाठवा" हे सांगून झालंय, फरक पडलेला नाही. म्हणून यावेळी आधी कारणं समजून घ्यायची आहेत. एक नमुना देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगा १५ वर्षांचा. रात्री ११ ते २ बॅटल रॉयल गेम (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो, अशी ऑनलाइन लढाई), ठरलेल्या तीन मित्रांबरोबर. शाळेतून आला की जेवणापर्यंत रील. सातवीपर्यंत अभ्यासात बरा, आता गणितात नापास. सकाळी उठत नाही. वडिलांनी दोनदा फोन काढून घेतला. दोन्ही वेळा आदळआपट, चौथ्या दिवशी फोन परत.

१) याला व्यसन म्हणायचं का, कशावरून? २) आत असं काय चालतं की फोन सुटत नाही? ३) नेटवरच्या २० प्रश्नांच्या चाचणीत ६२ गुण आले, त्याचं काय करायचं?

मनोवेध

तिसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी. ही मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची इंटरनेटच्या व्यसनाबद्दलची १९९८ची चाचणी असावी: प्रत्येक प्रश्नाला जास्तीत जास्त ५ गुण, एकूण १००. त्यात ई-मेल तपासण्याविषयीही प्रश्न आहे, आणि आजची नववीतली पोरं ई-मेल क्वचितच उघडतात. ती चाळणी आहे, निदान नाही. ६२ हा आकडा सभेत काढूच नका, पालक तो थर्मामीटरवरच्या तापासारखा धरून बसतात.

आता पहिला प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११व्या यादीत "इंटरनेटचं व्यसन" असं निदान नाही. "गेमिंगचा विकार" आहे, यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी पाहतात: खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतोय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का. शिवाय घर, शाळा, नाती यांत ठळक बिघाड हवा, आणि हे साधारण १२ महिने टिकलेलं हवं. लक्षणं तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येतं. तासांचा आकडा यात कुठेच नाही. सुट्टीत रोज सहा तास खेळणारा मुलगा शाळा सुरू झाल्यावर आपोआप दोनवर येत असेल, तर त्याचा ब्रेक शाबूत आहे.

तुमच्या नमुन्यात मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. रात्रीचा गेम आणि दुपारचे रील एकाच फोनवर आहेत, पण कामं निराळी करतात. पालक दोन्हीला "मोबाइल" म्हणतात आणि इथेच गाडी चुकते.

रानजाई

दुसऱ्या प्रश्नावर थोडं सविस्तर.

रील घ्या. अंगठा सरकवला की पुढचा व्हिडिओ भारी निघेल की टुकार, हे आधी कळत नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून हे जुनंच माहीत आहे: दाणा दर वेळी मिळण्याऐवजी कधी तिसऱ्या, कधी अकराव्या चोचीला मिळाला, तर पक्षी जास्त वेळा टोचतो आणि दाणे बंद झाल्यावरही लवकर थांबत नाही. मेंदूतल्या डोपामीनला लोक "आनंदाचं रसायन" म्हणतात, पण अपेक्षा आणि प्रत्यक्ष मिळालेलं यातल्या फरकाशी त्याचा संबंध जास्त आहे. म्हणून मुलगा "मजा नाही येत" म्हणतो आणि तरीही सरकवत राहतो. तो खोटं बोलत नसतो.

त्यात वय. बक्षिसाकडे ओढणारी यंत्रणा या वयात जोरात असते. थांबवणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. मित्र सोबत असले की ही ओढ आणखी वाढते.

पण एवढ्यावर भागत नाही, कारण मेंदू तर वर्गातल्या सगळ्यांचा असाच आहे. मग हाच का अडकला? इथे सुटकेचा भाग येतो. गणिताची वही उघडली की पोटात गोळा, फोन उघडला की गोळा नाहीसा. त्रास कमी झाला हेच बक्षीस, आणि ते दर वेळी हमखास मिळतं. अभ्यास साचतो, गोळा वाढतो, फोनची गरज वाढते. अशा मुलाला मैदानावर पाठवून काय होणार? गोळा वहीत आहे.

खिडकी

गेमच्या बाजूने एक तांत्रिक मुद्दा, जो पालकांना माहीत नसतो. बॅटल रॉयलची मोठ्या नकाशावरची मॅच २५ ते ३० मिनिटं चालते आणि मधे थांबवता येत नाही. "पाच मिनिटांत बंद कर" म्हटलं आणि त्याने ऐकलं, तर उरलेले तिघं एका गड्याशिवाय लढतात, याचे गुण जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बोलणी बसतात. त्याच्या लेखी तो भांडण आणि दगाबाजी यांत निवड करत असतो. म्हणून मर्यादा मिनिटांत न घालता मॅचमध्ये घाला: "दोन मॅच, दुसरी पावणेदहाच्या आत सुरू झाली पाहिजे." आदळआपट यानेच बरीच कमी होते. वायफाय मधेच तोडणं सर्वात वाईट, त्यात तोटा सगळा होतो आणि थांबायची सवय मात्र लागत नाही.

मनोवेध

खिडकी यांचा मुद्दा सभेत जरूर सांगा. वर्गात मागे पडलेल्या मुलाला "मला काहीतरी जमतं" आणि "माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं" ही जाणीव कदाचित फक्त त्या चौकडीत मिळत असेल. ती काढून घेताना बदल्यात काय देणार, हे आधी ठरलेलं हवं.

त्यासाठी सात दिवसांची नोंद. वहीत चार रकाने: फोन कधी घेतला, त्याआधी १५ मिनिटांत काय घडलं, फोनवर नेमकं काय केलं (गेम, रील, गप्पा वेगळे लिहायचे), ठेवल्यावर कसं वाटलं. मुलाने स्वतः लिहायचं, या आठवड्यात कुणी टोकायचं नाही. पालकांनी चोरून तपासली की वही खोटी होते. आठवड्याने दुसरा रकाना वाचा. "क्लासचा टेस्टपेपर मिळाला", "बाबा ओरडले", "काही नाही, एकटाच होतो" यांतलं जे वारंवार येतं, तिथून काम सुरू करायचं.

अवकाळी (शालेय समुपदेशक)

नोंदीनंतर एका वेळी एकच बदल, आणि पहिला बदल झोपेचा. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि वयात येताना झोपेचं घड्याळ मुळातच उशिरा सरकतं. २ वाजता झोपणाऱ्याला १० वाजता आडवं केलं तर तो छताकडे बघत पडतो आणि फोन शोधतो. उठायची वेळ आधी पक्की करा, रविवारीसुद्धा. झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५-२० मिनिटं अलीकडे आणा. सगळ्यांचे फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, आईवडिलांचेही. गजराचं साधं घड्याळ घ्या, नाहीतर "गजरासाठी हवा" म्हणून फोन उशाशी परत येतो.

गणितासाठी रोज २० मिनिटं, तीच उदाहरणं जी त्याला जवळपास येतात. सहावीच्या पातळीवर उतरावं लागलं तरी उतरा.

आता जिथे बहुतेक घरं फसतात ते. मर्यादा घातल्यावर पहिले काही दिवस चिडचिड वाढते. दार आपटणं, जेवण नाकारणं. आधी चालणारी युक्ती चालेनाशी झाली की माणूस ती जोरात करून बघतो. नेमकं तेव्हा, चौथ्या दिवशी, फोन परत दिला तर मुलगा शिकतो की तीन दिवस पुरत नाहीत, चार लागतात. पुढच्या वेळी सहा लागतील. म्हणून पाळता येईल एवढीच मर्यादा घाला. तीन आठवडे निभावलेली छोटी अट महिनाभराच्या जप्तीपेक्षा कितीतरी बरी.

रानजाई

आधी एक तपासा. पंधरवड्याहून जास्त उदास किंवा सतत चिडलेला असणं, मित्रांतही रस न उरणं, भूक बदलणं दिसलं तर नैराश्याचा विचार करा. धांदरटपणा, लक्ष न टिकणं १२ वर्षांच्या आधीपासून असेल तर एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) तपासणी हवी. अशा वेळी फोन हा परिणाम असतो, फोनवरचे उपाय पुरत नाहीत. आणि मुलगा मरण्याबद्दल बोलला, स्वतःला इजा केली किंवा हिंसा झाली, तर मर्यादा बाजूला ठेवून त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो, फळ्यावर लिहून ठेवा. फोनच्या अतिवापरासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून 'शट' नावाचा स्वतंत्र दवाखाना आहे.

नववी_ब (धागाकर्ती)

खूप आभार, वहीची कल्पना शनिवारी मांडते. दोन शंका. एकट्या घराने बंद केलं तर मुलाला वाटतं, बाकीचे सगळे ऑनलाइन आहेत. आणि क्लासचा गृहपाठ व्हॉट्सअॅपवरच येतो, मग त्यासाठी फोन देणं कसं टाळायचं?

अवकाळी

पहिल्यासाठी सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव बघा. २०२२ मध्ये तिथे संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं गावाने ठरवलं. माझ्या मते यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत: सगळे एकदम बंद, त्यामुळे मागे राहण्याची भीती कमी होते; आणि "बंद कर" हे आईच्या तोंडून न येता भोंग्यातून येतं. तुम्हाला गाव नको, ती चार घरं पुरेत. चौघांच्या पालकांनी मिळून शेवटच्या मॅचची एकच वेळ ठरवावी, मुलांना समोर बसवून.

गृहपाठ आईच्या किंवा वडिलांच्या फोनवर मागवा, सातच्या आत वहीत उतरवून घ्या आणि फोन परत हॉलमध्ये. क्लासच्या सरांना एकच विनंती करा: रात्री आठनंतर काही पाठवू नका.