मदत हवी आहे: नववीतल्या विशेष मुलांना बसची पाटी, औषधाचं पाकीट वाचायला कसं शिकवावं?

पळसपान
शाळा जिल्हा परिषदेची, अमरावती जिल्ह्यात. नववीत बौद्धिक अक्षमता असलेली तीन मुलं आहेत. पंधरा-वीस अक्षरं ओळखतात, काना-मात्रा लागली की अडकतात. दहावीनंतर ही लेकरं घरी, वावरात, फार तर तालुक्याच्या बाजारात जाणार. म्हणून बाराखडी थांबवून रोजचे शब्द घेतले: चांदूर, दवाखाना, बाजार, महिला, पुरुष. कार्डावर बरोबर सांगतात, बसस्टँडवर तोच शब्द दाखवला की गप्प. कुठं चुकतंय? एका वेळी किती शब्द घ्यावेत? विशेष शिक्षक रोज नसतात, त्यामुळं वर्गशिक्षकाला जमेल असं सांगा.

सरकी
मॅडम, मुलं शब्द नाही, कार्ड ओळखतायत. दुमडलेला कोपरा, लाल शाई, ठरलेला क्रम, यातलं काहीही त्यांना पुरतं. तेच शब्द दुसऱ्या कुणाकडून साध्या कागदावर एकाच काळ्या पेननं लिहून घ्या आणि क्रम मोडून विचारा. किती शब्द खरंच येतात ते लगेच कळेल.

आता कार्डं बंद, फोटो सुरू. प्रत्येक पाटीचे तीन-चार फोटो काढा: जवळून, लांबून, धूळ बसलेली, रंगवलेली, छापील. त्यांची काळी-पांढरी झेरॉक्स करा, म्हणजे रंगाचा आधार जातो. नवे शब्द एका वेळी तीनच, त्यात येणारे पाच-सहा मिसळायचे. पहिल्या फेरीत शब्द दाखवताक्षणी तुम्हीच म्हणा आणि मुलाला म्हणू द्या. पुढच्या फेऱ्यांत मनात चारपर्यंत मोजून थांबा, उत्तर नाही आलं तर सांगून टाका. "नीट बघ, आठव" असं म्हणून अंदाज मारायला लावू नका. चुकीचा अंदाज दोनदा तोंडून गेला की तोच पक्का होतो. सलग तीन दिवस, मदतीशिवाय, वेगवेगळ्या फोटोंवर बरोबर आला तरच तो शब्द झाला म्हणा.

तुमच्या यादीतलं "चांदूर" मात्र धोक्याचं आहे. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार दोन्ही तुमच्याच जिल्ह्यात, आणि अमरावतीहून त्यांच्या वाटा वेगळ्या. पहिला शब्द वाचून मूल बसमध्ये चढलं तर ते भलतीकडं उतरणार. म्हणून पूर्ण पाटी शिकवा. पट्टीनं "चांदूर" झाका आणि फक्त दुसरा शब्द विचारा. नजर तिथं जायची सवय लावायची आहे. अकोला-अकोटचंही तसंच, तिथं नजर शेवटच्या अक्षरावर हवी. सारख्या दिसणाऱ्या जोड्या शेवटी आणा, सुरुवातीला चांदूरशेजारी दवाखाना ठेवा.

आणि नुसतं वाचलं म्हणून शाबासकी नको. बसचे चार फोटो भिंतीला लावा, "चांदूर रेल्वेला जायचंय" म्हणा, मूल उठून बरोबर फोटोसमोर उभं राहिलं आणि "चांदूर रेल्वे ना?" असं कंडक्टरला विचारायचं वाक्य बोललं, की वाचन झालं.

पळसपान
चांदूरचं लक्षातच आलं नव्हतं. औषधं आणि फवारणीचे डबे यांचं कसं करू? पालक तेच विचारतात.

दवंडी
विचारणारच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते इकडं कुणी विसरलेलं नाही.

कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा क्रम या मुलांना शिकवू नका. सिग्नलचा हिरवा म्हणजे "जा" हे डोक्यात बसलेलं असतं, तेव्हा हिरवा डबा "चालतो" असं ती ठरवून टाकतात. कवटीवरही भिस्त नको, ती सगळ्या डब्यांवर नसते. एकच धडा ठेवा: असा चौकोन दिसला की हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. इथंही झेरॉक्सच वापरा, म्हणजे आकार ओळखला जातो. रिकामे डबे वर्गात आणू नका, धुतलेलेही नको. आणि पालकांना बजावा: फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलं तर कुठलंच वाचन कामी येत नाही.

गोळ्यांच्या पाकिटावरचं १-०-१ मुलं "एकशे एक" वाचतात. त्याखाली तीन चौकोन आखा: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. प्रत्येक आकडा आपापल्या चौकोनात लिहायला लावा आणि गोळीच्या जागी चिंचोका ठेवू द्या. मुदतीत नेहमीची चूक म्हणजे ११/२०२५ आणि ०२/२०२७ यांत ११ मोठा म्हणून पहिलं औषध चांगलं ठरवणं. आधी सालाभोवती गोल, मग साल बघणं. साल सारखं असेल तरच महिना. घरी गोळ्या कापताना मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत राहू द्या म्हणावं. औषध किती घ्यायचं हा निर्णय मात्र मुलावर सोपवायचा नाही.

निंबोळी
वरचं सगळं पटलं, पण बाराखडी पूर्ण थांबवणं मला पटत नाही. पंधरा-वीस अक्षरं येत असतील तर रोज दहा मिनिटं जोडवाचन, म्हणजे अक्षरं जोडून शब्द वाचणं, हवंच, नाहीतर यादीबाहेरचं गाव आलं की मूल अडलं. काना आधी घ्या, वेलांटी-उकार नंतर. दवाखाना आणि बाजार या दोन्हींत काना सोडून दुसरं काही नाही, त्यातूनच दवा, खाना, बारा, वारा असे शब्द जुळवून घ्या.

सरकी
निंबोळी, बरोबर. पाठ केलेले शब्द आणि जोडवाचन वेगवेगळ्या तासाला ठेवा, एवढंच.

एक राहिलं: काही बसना आता दिव्यांची फिरती पाटी असते. शब्द सरकत जातो, स्थिर फोटोवर शिकलेलं मूल गोंधळतं. तिचा व्हिडिओ काढून दाखवा आणि "एक फेरी जाऊ दे, दुसऱ्या फेरीला वाच" असं शिकवा. झालेल्या शब्दांची यादी वैयक्तिक शिक्षण आराखड्यात तारखेसह लिहा, म्हणजे विशेष शिक्षक येतील तेव्हा पुढचे तीन शब्द तिथूनच घेतील.